आजीचा एक-चौदा

माझ्या आजोळी जमिनीचा कागद कुणाच्याही घरात नव्हता, जमीन मात्र सगळ्यांना पाठ होती. मे महिन्यात आजी ओसरीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसायची. बिया एका बाजूला, साली दुसऱ्या बाजूला, बोटं लालजर्द. हात चालू असायचे आणि तोंडानं आम्हा नातवंडांकडून हद्दी म्हणून घेणं चालू असायचं. वरच्या अंगाला भेरल्या माडाखालची झर. उगवतीला आजेसासऱ्यानं लावलेला रायवळ आंबा. मावळतीला राखणदाराचा धोंडा. खाली व्हाळ, म्हणजे ओढा. "आणि व्हाळापलीकडं?" ती विचारायची. "व्हाळापलीकडं आपलं काही नाही," आम्ही ओरडायचो. एखाद्यानं झर सोडून थेट आंब्यावर उडी मारली की पहिल्यापासून. शाळेतल्या पाढ्यांनाही इतकी सक्ती नव्हती.

हे गाव सत्तरी तालुक्यातलं, वाळपईहून गुळेलीकडे जाणाऱ्या पट्ट्यातलं, म्हादईच्या खोऱ्यातलं. गोव्याच्या जाहिरातीत दिसणारा समुद्र आमच्या आजीनं आयुष्यात फारसा पाहिला नाही. तिच्या गोव्यात डोंगर होते, गवे होते, काजू होते आणि सहा महिने कोसळणारा पाऊस होता. जानेवारी २०२१ मध्ये या पट्ट्यातलं शेळ-मेळावली हे नाव एकाएकी सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. गुळेली पंचायतीतली सुमारे १० लाख चौरस मीटर जमीन सरकारनं आयआयटीसाठी ठरवली होती आणि गावानं ती द्यायला नकार दिला होता. पणजीत, मडगावात लोक विचारत होते, की आयआयटीला कुणी नाही म्हणतं का? पोरांच्या शिक्षणाला विरोध करणारी ही कसली माणसं?

मला तेव्हा आजीच्या हद्दी आठवल्या. सरकार म्हणत होतं, जमीन सरकारी आहे. कागदावर ते खरंही होतं. तो कागद तसा का झाला, हे मात्र विधानसभेत कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. ते म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींत होतं.

आमच्याकडच्या सगळ्या गोष्टी सुरू होतात त्या 'बंडाच्या टायमाला' या शब्दांनी. कोणतं बंड, हे विचारायचं नसतं. आजीच्या सांगण्यात पोर्तुगीजांविरुद्धचं राण्यांचं बंड एकच होतं. त्यात दिपाजी, कुष्टोबा आणि दादा राणे एकाच रात्री एकाच मशालीच्या उजेडात बसून बेत करायचे. पुस्तकं वाचल्यावर कळलं, की दिपाजीनं नाणूसचा किल्ला घेतला तो २६ जानेवारी १८५२ रोजी आणि ते बंड १८५५ पर्यंत चाललं. कुष्टोबाचा काळ १८६९ ते १८७१. दादा राण्यांचं बंड १८९५ मधलं. त्या वर्षी गोव्यातल्या मराठा शिपायांना आफ्रिकेत, मोझांबिककडे पाठवायचा हुकूम निघाला, शिपाई बिथरले, राणे त्यांना मिळाले आणि ते मोडायला पोर्तुगालच्या राजाचा भाऊ आफोंसो फौज घेऊन आला. आजीला राजाचा भाऊ ठाऊक नव्हता. तिला ठाऊक होतं ते एवढंच, की पाखले, म्हणजे पोर्तुगीज, आले की माणसं भाताची बीं घेऊन डोंगरात जायची, वरच्या झरीपाशी महिनोन् महिने राहायची आणि झर कुणी कुणाला दाखवायची नाही असा करार होता. इतिहासकाराला ती कालगणनेची खिचडी वाटेल. मला मात्र तिच्यात एक उपयोगी तपशील दिसतो: डोंगर हा गावाचा दुसरा मुक्काम होता. सपाटीवरचं घर जाळलं तरी गाव संपत नसे.

सत्तरी पोर्तुगीजांकडे आली ती अठराव्या शतकात, नव्या काबिजादीतून. महालाची मोकासदारी राण्यांकडे होती. कसणारा खंड द्यायचा, मोकासदार वसूल करायचा आणि कोण कुठला तुकडा कसतो याची नोंद गावाच्या तोंडात राहायची. गोव्याच्या जुन्या काबिजादीत, सासष्टी-बार्देशात, गावकारीचे दप्तर, पोर्तुगीज नोंदणी, नकाशे असा कागदांचा ढीग झाला. सत्तरीच्या डोंगरांवर तो चढलाच नाही. डोंगरउतारावर कुमेरी चालायची. एक उतार तोडायचा, जाळायचा, नाचणी-वरी घ्यायची, दोन-तीन पिकं झाली की सोडून पुढच्या उताराला जायचं आणि कित्येक वर्षांनी परत यायचं. मधल्या काळात तो उतार कुणाचा? ज्याच्या बापानं तोडला होता त्याचा. हे सगळ्यांना मान्य होतं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही.

कुमेरीवर बंधनं आली तसे लोकांनी त्या उतारांवर काजू लावले. इथे माझ्या आप्तांना न आवडणारं एक वाक्य लिहायला हवं. मेळावलीच्या वेळी आमच्याकडचे सगळे 'आमचं पूर्वापार जंगल' म्हणत होते, त्यातलं बरंचसं काजूचं होतं, आणि काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. कुमेरीनंही पूर्वी रान जाळलंच होतं. आमचे पूर्वज पर्यावरणवादी नव्हते. पण कुठे थांबायचं, हे त्यांनी ठरवून घेतलं होतं, आणि ते ठरवणं राखणदाराच्या नावानं चालायचं.

राखणदार म्हणजे आमच्या सीमेवरचा अदृश्य रखवालदार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पायात वहाणा. त्याला वर्षाला रोट, विडी आणि थोडी दारू लागते. त्याच्या धोंड्यापासून झरीपर्यंतच्या राईत कोयता न्यायचा नाही. पडलेलं लाकूडसुद्धा घरी आणायचं नाही, देवळाच्या कामाला तेवढं चालतं. झरीत कुणी पाय धुतले तर रात्री काठीचा आवाज येतो. मी शहरातून पदवी घेऊन आल्यावर आजीला म्हटलं, की हे सगळं घाबरवण्यासाठी आहे. तिनं भिरंडाची बी बाजूला टाकली आणि म्हणाली, "बाय, माणसं घाबरली म्हणून झर उरली. खालच्या वाड्यावरच्यांनी नाही घाबरायचं ठरवलं, आता टँकरची वाट बघतात."

जांभ्या दगडाचा सडा पाऊस पितो आणि उतारावर, मातीच्या थराशी, झरीतून हळूहळू सोडतो. वरचं रान गेलं, सडा सपाट करून त्यावर काँक्रीट आलं, तर पावसाळ्यात व्हाळ फुटतो आणि मार्चमध्ये झर आटते. हे भूजलशास्त्र आहे, आणि आमच्या वाडीत ते राखणदाराच्या नावानं पाळलं जात होतं. पुढं हाच व्हाळ म्हादईला मिळतो, म्हादई मांडवी होते आणि पणजीच्या पुलाखालून जाते. पणजीत बसून 'एवढ्याशा डोंगराचं काय' म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ते पाणी रोज जात असतं.

मग कागदाचा प्रवेश झाला. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९६८ मध्ये जमीन महसूल कायदा आला आणि सत्तरच्या दशकात मोजणी झाली. माझे थोरले मामा तेव्हा विशीत होते. मोजणीवाल्यांच्या मुक्कामाची त्यांची गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की आता ती मलाच घडल्यासारखी वाटते. साहेब देवळाच्या मंडपात उतरले. गावानं जेवण दिलं. साखळी घेऊन ते भातशेतीत फिरले, कुळागरात फिरले. डोंगरावर जायची वेळ आली तेव्हा ऊन चढलं होतं. खालूनच बोट करून विचारलं, हे कुणाचं? शंभर वर्षं कर चुकवत आलेल्या माणसांना असा प्रश्न विचारल्यावर जे उत्तर मिळायचं तेच मिळालं. कुणी बोललं नाही. नाव लावलं तर कर बसेल, ही धास्ती. एक म्हातारा तर हात जोडून म्हणाला, "सायबा, तें देवाचें." साहेबांनी मान हलवली आणि रकान्यात लिहिलं: सरकार.

गोव्यात जमिनीच्या उताऱ्याला एक-चौदा म्हणतात, महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचा भाऊ. मामांनी पुढं कितीतरी वर्षांनी आमच्या काजूच्या डोंगराचा एक-चौदा काढला. कब्जेदाराच्या रकान्यात सरकार, कुळाच्या रकान्यात रेघ. आंब्याचा उल्लेख नाही, झरीचा नाही, धोंड्याचा तर नाहीच. मामांनी तो कागद आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, "आंबा कुणी लावला म्हणून लिहिलंय का?" मामा म्हणाले, नाही. "मग हा दुसऱ्या कुठल्यातरी डोंगराचा कागद असेल."

मेळावलीतल्या कितीतरी घरांची हीच गत होती. पिढ्यान् पिढ्या काजू वेचणारी माणसं स्वतःच्या डोंगरावर अतिक्रमण करणारी ठरली. आणि सरकारला मोठ्या संस्थेसाठी जागा हवी असते तेव्हा ते प्रथम कुठे बघतं? ज्या रकान्यात आपलंच नाव आहे, तिथे. कुणाला मोबदला द्यायला नको, वाटाघाटी नकोत. नकाशावर तो तुकडा रिकामा दिसतो.

शिक्षणाला विरोध म्हणणाऱ्यांनी आमच्या गावातली शाळेची गोष्ट ऐकायला हवी होती. पोर्तुगीज काळात सत्तरीच्या आतल्या गावांत शाळा म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवर मोडी-बाळबोध शिकवणारे पंतोजी, तेही मिळाले तर. १९६३ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. आमच्या वाडीला शाळा मंजूर झाली तेव्हा जागेचा प्रश्न आला. आजोबांच्या पिढीनं बसून ठरवलं: राईच्या खाली, व्हाळाच्या वर, मांडाच्या शेजारी. मांड म्हणजे जिथे शिगमा खेळतात, रणमाले होतात ती जागा. गावात त्याहून मोलाची जागा नसते. बायकांनी डोक्यावरून चिरे वाहिले. आजीनंही वाहिले, पोटात माझी धाकटी मावशी असताना. आजी स्वतः त्या शाळेत कधी बसली नाही, अंगठाच उठवायची. पण घंटा वाजली की हातातलं काम थांबवून पोरं मोजायची.

त्या जागेसाठी गावाला कुणी नोटीस दिली नव्हती. मामलेदार आले, ओसरीवर बसले, ताक प्याले आणि विचारलं, कुठे बांधू? एवढाच फरक.

आज त्या शाळेत एक शिक्षक आणि बोटांवर मोजण्याइतकी मुलं आहेत. गोव्यातल्या अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाल्या, ही त्याच मार्गावर आहे. डोंगरावर देशातली नामांकित संस्था आणि डोंगराखाली कुलूप लागलेली प्राथमिक शाळा, असं चित्र मला तरी विकासाचं वाटत नाही.

आमच्याकडच्या वृद्धांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती दक्षिणेकडून, सांग्याहून आली होती. साळावली धरणात कुर्डी गाव गेलं. शास्त्रीय संगीतातल्या मोगूबाई कुर्डीकरांचं ते गाव. बांदोडकर स्वतः जाऊन लोकांना सांगून आले होते, की धरणानं सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल. लोकांनी घरं सोडली. त्यांना वाडें आणि वालकिणीला वसवलं. पाणी दक्षिण गोव्याला मिळालं, हे खरं. पुनर्वसित वसाहतींत पाण्यासाठी वर्षानुवर्षं तक्रारी राहिल्या, हेही खरं. दर मे महिन्यात पाणी उतरतं, कुर्डीचं देऊळ वर येतं आणि जुने गावकरी तिथे उत्सवाला जमतात. आमच्या गावातले काहीजण मुद्दाम ते पाहून आले. त्यानंतर 'मोठ्या कामासाठी थोडा त्याग' हे शब्द कुणी भाषणात उच्चारले, की मागच्या रांगेतून हमखास आवाज यायचा: "कुर्डी!"

या सगळ्या गोष्टी पोटात घेऊन मेळावलीच्या बायका ५ जानेवारी २०२१ ला रस्त्यावर आल्या. जमिनीची आखणी करायला पथक यायचं होतं. बायका वाटेवर आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी प्रकरण चिघळलं. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला. दगडही आले, पोलीसही जखमी झाले. हे लपवून आंदोलनाचं काही भलं होत नाही. पण त्या दिवसांची छायाचित्रं पाहताना मला पुढच्या रांगेतलं वय दिसत होतं. साठीच्या, सत्तरीच्या बायका, लुगड्याचा काष्टा खोचलेल्या. त्यांच्यातली एक टीव्हीच्या माईकसमोर चिडून बोलली, त्याचा आशय आमच्या आजीच्या तोंडून कितीदातरी ऐकलेला: आमकां शाळा जाय, पूण हांगा न्हय. शाळा हवी, पण इथे नको.

गाव एकमुखी होतं असं मात्र नाही. माझा मामेभाऊ आयआयटीच्या बाजूनं होता. त्याच्याकडे एक टॅक्सी होती, दुसरी घ्यायचा विचार होता. प्राध्यापक येतील, पाहुणे येतील, खाणावळ चालेल, हे त्याचं गणित चुकीचं नव्हतं. खाणी बंद पडल्यावर या पट्ट्यातल्या तरुणांचे जे हाल झाले ते त्यानं पाहिले होते. मामा आणि तो त्या महिन्यात एका पंगतीला बसले नाहीत. काजूवर पाच जणांचं पोट चालत नाही, हे त्याचं म्हणणं मामांनाही खोडता आलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की सरकारनं तुला विचारलं का? त्यावर तो गप्प झाला, कारण त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

आधी प्रकल्पाच्या बाजूनं असलेले वाळपईचे आमदार आणि आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी मग मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून प्रकल्प दुसरीकडे न्यायला सांगितलं. १५ जानेवारी २०२१ ला मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी मेळावलीची जागा सोडल्याचं जाहीर केलं.

आयआयटी गोवाची ही काही पहिली जागा नव्हती आणि शेवटचीही ठरली नाही. संस्था २०१६ मध्ये सुरू झाली, फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात, तात्पुरती. आधी काणकोणातल्या लोलयेच्या भगवती पठाराचा विचार झाला, गावानं विरोध केला. त्याच पठारावर पुढे फिल्म सिटी सुचवली गेली, तेव्हाही तेच. मेळावलीनंतर सांगे तालुक्यात कोटार्लीला शेतकरी उभे राहिले. मग रिवण, मग २०२५ मध्ये फोंडा तालुक्यातलं कोडार, तिथेही गावकरी रस्त्यावर. याच काळात एनआयटी मात्र कुंकळ्ळीला स्वतःच्या आवारात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटनही झालं. म्हणजे गोव्यात उच्च शिक्षणाला जागाच मिळत नाही, ही ओरड खोटी. आधी जागा मुक्रर करायची, मग पोलीस बंदोबस्त मागवायचा आणि शेवटी ग्रामसभेला तोंड द्यायचं, हा क्रम उलटा आहे. तो सुलटा केल्याशिवाय सहावी-सातवी जागा शोधूनही हेच होणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेळावली जिंकली, असं लोक म्हणतात. माझा जीव तेवढ्यानं निवांत झालेला नाही. प्रकल्प गेला तरी रकाना तसाच राहतो. जुलै २०२१ मध्ये सरकारनं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक घाईघाईनं मंजूर केलं, पण ते घरांपुरतं होतं, डोंगराचा त्यात पत्ता नव्हता, आणि गदारोळ झाल्यावर तेही बासनात गेलं. उद्या आयआयटीऐवजी दुसरं काही येईल. नकाशावर तो तुकडा पुन्हा रिकामाच दिसेल.

यावर एक उपाय आहे आणि तो कायद्यातच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. २००६ चा वनहक्क कायदा जिथे लागू होतो तिथे दाव्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांची यादी नियम १३ मध्ये दिली आहे. त्यात नकाशे आहेत, पावत्या आहेत, विहिरी आणि देवस्थानांसारख्या खुणा आहेत, आणि त्यातच आहे दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं निवेदन. म्हातारीची गोष्ट हा कायद्यानं मानलेला पुरावा आहे. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तो दाखवायला सत्तरीत म्हाताऱ्यांच्या आठवणींशिवाय दुसरं आहे तरी काय? शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. झर, राई, धोंडा तिथे लिहिता येतात. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कुणा सल्लागाराकडून भरून घेतलेली असते आणि गावात कुणी उघडलेली नसते.

आजी गेली तेव्हा आमच्यापैकी कुणी तिच्या हद्दी लिहून घेतल्या नव्हत्या. मामांकडून आता उतरवून घेत आहे. त्यांची स्मृती अजून तल्लख आहे, गुडघे तेवढे गेले. तुमच्या घरात असं कुणी असेल तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. वही घ्या, हद्दी चारही दिशांनी विचारा, झाड कुणी लावलं ते विचारा, खाली तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या, दोन साक्षीदार घ्या आणि एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे देऊन पोच घ्यायला विसरू नका.